बियाची अबोली आणि फांदीची अबोली

अबोली हे कंबरेच्या खाली राहणारे आणि जवळजवळ बारा महिने फुलणारे झुडूप. अडुळसा आणि कोरांटी यांच्या कुळातले हे झाड मूळचे दक्षिण भारतातले आणि श्रीलंकेतले. वनस्पतिशास्त्रात त्याला क्रॉसेंड्रा इन्फंडिब्युलिफॉर्मिस म्हणतात. कोकणात आणि गोव्यात ती अबोली, दक्षिण कन्नड किनाऱ्यावर अब्बलिगे, आणि घाट चढून जुन्या म्हैसूर मुलखात किंवा तमिळ प्रदेशात गेले की कनकांबर. फुलाला वास नाही. तरीही दक्षिणेत केसांत माळायच्या फुलांत मोगऱ्यानंतर हिचाच मान मोठा आहे, कारण रंग खुलून दिसतो, फूल वजनाला हलके असते आणि तोडल्यावर दीड-दोन दिवस तजेला टिकून राहतो. बेंगळुरूच्या शिवाजीनगर भागात कनकांबराचे गजरे पिढ्यान्‌पिढ्या विकले जात आहेत. या फुलाची लागवड बियांपासून सुरू झाली आणि गेल्या काही दशकांत तिचा मोठा हिस्सा बियांवाचून होऊ लागला. हा बदल साधा वाटला तरी त्याने फुलाचा धंदा, त्याची मालकी आणि झाडाचे आरोग्य, तिन्ही बदलून टाकले.

अबोलीची फुले एका चौकोनी, हिरव्या कणसावर येतात. कणीस लांब दांड्यावर ताठ उभे असते आणि एकावर एक बसलेल्या हिरव्या छदांतून फुले बाहेर पडतात. प्रत्येक फूल म्हणजे एक बारीक, लांब नळी आणि तिच्या टोकाला एकाच बाजूला उलगडलेल्या पाच पाकळ्या. दुसरी बाजू चिरल्यासारखी मोकळी असते. कणीस खालून वर फुलत जाते आणि संपूर्ण फुलायला दोन ते तीन आठवडे घेते. म्हणून तोडणी कणसाची नसते. एकेक फूल नळीला धरून ओढून काढायचे, कणीस झाडावरच राहू द्यायचे, आणि एक दिवस सोडून पुन्हा त्याच झाडाकडे यायचे, अशी ती तोडणी. एक किलो वजन भरायला साधारण 15,000 फुले लागतात. बियांपासून वाढवलेल्या अबोलीचे उत्पन्न हेक्टरी वर्षाला सुमारे 2,000 किलो धरले जाते. म्हणजे एका हेक्टरातून वर्षाकाठी 3 कोटी फुले निघतात आणि त्यांतले प्रत्येक फूल कुणाच्या तरी बोटांनी खुडलेले असते. अबोलीच्या अर्थव्यवस्थेत मजुरी हाच सगळ्यांत मोठा खर्च का, हे यावरून कळते.

जे फूल खुडले जात नाही, त्याच्या जागी छदाआड एक छोटे लांबट बोंड धरते. त्यात बहुधा चार बिया असतात, चपट्या आणि अंगावर झालरीसारखे खवले असलेल्या. प्रत्येक बीच्या बुडाशी आकड्यासारखा कडक काटा असतो. बोंड पिकून वाळले की त्याच्या भिंतींत ताण साठून राहतो, पण कोरडे असेपर्यंत ते फुटत नाही. पाण्याचा थेंब पडला की सांधा सैल होतो आणि बोंड तडकन दोन फाकांत उघडते. आकडे उसळतात आणि बिया काही फुटांवर जाऊन पडतात. पावसाच्या पहिल्या सरीत अबोलीच्या ताटव्याजवळ उभे राहिले तर ही तडतड स्पष्ट ऐकू येते. झाडाच्या दृष्टीने ही मोठी नेमकी योजना आहे. बी नेमके तेव्हाच बाहेर पडते जेव्हा जमीन ओली असते, म्हणजे रुजायला लागणारे पाणी आधी येते आणि बी मागून. कोरांटीसारख्या या कुळातल्या इतर झुडपांतही अशी फुटणारी बोंडे आढळतात.

माळ्याला मात्र याच गुणामुळे बी सांभाळून गोळा करावे लागते. कणसे करडी, खडखडीत झाली की ती उन्हाच्या वेळी कापायची, दव असताना नाही. कापलेली कणसे टोपलीत किंवा फडक्यात ठेवायची आणि सोयीच्या दिवशी त्यांवर पाणी शिंपडून वर झाकण घालायचे. झाकणाखाली तडतड सुरू होते आणि ती थांबली की तळाला बी जमलेले मिळते. ते सावलीत सुकवून त्याच हंगामात वापरलेले बरे, कारण ताज्या बियांची उगवण चांगली होते. वाळू आणि कुजलेले शेणखत मिसळलेल्या वाफ्यात, जून-जुलैच्या सुमारास, बी विरळ पेरून वर मातीचा पातळ थर देतात आणि झारीने पाणी घालतात. रोप दोन महिन्यांचे झाले की सरीच्या बगलेला, दोन ओळींत 60 सेंटिमीटर आणि दोन रोपांत 30 सेंटिमीटर अंतर ठेवून लावतात. हेक्टराला सुमारे 5 किलो बी पुरते. लावणीनंतर दोन-तीन महिन्यांत फुले सुरू होतात आणि ते शेत सुमारे तीन वर्षे चालते. या सगळ्यात विकत आणण्यासारखे जवळजवळ काहीच नाही, आणि जुन्या अबोलीच्या प्रसारामागचे मुख्य कारण हेच होते.

कोकणात आणि गोव्यात तर पेरणीचीही गरज पडत नसे. तुळशीवृंदावनाच्या भोवती, विहिरीच्या काठाशी, न्हाणीच्या पाण्यावर अबोलीचे एखादे झाड असले की पावसाळ्यात त्याच्या आजूबाजूला आपोआप रोपे उठतात. ती मातीच्या गोळ्यासकट उचलून शेजारणीला, माहेरवाशिणीला द्यायची, असा या झाडाचा प्रवास झाला. मालवणी मुलखात अबोलीचा वळेसर आणि गोव्यात अबोलीची फाती हे बायकांच्या रोजच्या बोलण्यातले शब्द आहेत. केळीच्या सोपटाच्या ओल्या दोऱ्यात फुलांच्या नळ्या दोन-दोन करून गुंफल्या की अशी माळ तयार होते. सुई लागत नाही, फुलाला भोकही पडत नाही. हे झाड एका अंगणातून दुसऱ्या अंगणात बायकांच्या हातून गेले. त्याची कुठे नोंद झाली नाही, म्हणून बागकामाच्या इतिहासात त्याला जागा मिळत नाही. ही उणीव मोठी आहे, कारण शेतात जाण्याआधी शेकडो वर्षे अबोली या अंगणांतच निवडली आणि जपली गेली.

युरोपातल्या वनस्पतिशास्त्राने तिची दखल अठराव्या शतकात घेतली. लिनियसने 1759 मध्ये तिला जस्टिशिया या प्रजातीत घातले. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ सॉल्सबरी याने 1805 मध्ये क्रॉसेंड्रा ही वेगळी प्रजाती केली, आणि आज वापरात असलेले पूर्ण नाव जर्मन अभ्यासक नीस याने 1832 मध्ये पक्के केले. विलायतेत ती काचघरातले शोभेचे झाड म्हणून राहिली आणि विसाव्या शतकात स्वीडनमध्ये तिचा कुंडीत मावणारा, बुटका वाण तयार झाला. तिकडे ते घरात ठेवायचे झाड झाले, गजऱ्याचा तिथे प्रश्नच नव्हता.

बेंगळुरूत या फुलाला मोठा बाजार मिळाला तो एकोणिसाव्या शतकातल्या वस्तीमुळे. या शहराशी मराठ्यांचा संबंध त्याहून जुना. 1638 मध्ये विजापूरकरांनी बेंगळूर घेतल्यावर ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले आणि 1687 मध्ये म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांकडे जाईपर्यंत भोसल्यांकडे होते. आजच्या शिवाजीनगरची वस्ती मात्र कॅन्टोन्मेंटच्या काळातली. इंग्रजांनी 1809 मध्ये श्रीरंगपट्टणहून आपली फौज हलवून जुन्या पेठेच्या ईशान्येला छावणी वसवली. फौजेबरोबर मद्रास इलाख्यातले तमिळ भाषक मोठ्या संख्येने आले: शिपाई, कंत्राटदार, मजूर, घरकामगार, दुकानदार. त्यांची वस्ती असलेला भाग ब्लॅकपल्ली म्हणून ओळखला जाई. हीच ब्लॅकपल्ली पुढे शिवाजी महाराजांच्या नावाने शिवाजीनगर झाली. तमिळ, कन्नड, तेलुगू, दखनी उर्दू आणि मराठी बोलणारी माणसे इथे एकाच गल्लीत राहत, आणि केसांत फूल माळण्याची रीत यांतल्या बहुतेकांची होती. फुलाला याहून चांगले गिऱ्हाईक मिळणे कठीण होते.

छावणीच्या दुसऱ्या टोकाला, बंगल्यांच्या आवारांत, बागकामाची वेगळीच तऱ्हा होती. तिथे बी पाकिटातून येई. फ्लॉक्स, पॅन्सी, स्वीट पी अशी हंगामी विलायती फुले दर वर्षी नव्याने पेरली जात, कारण त्यांचे बी या हवेत धरून ठेवणे अवघड. पुढे देशातच बियाणांची दुकाने उभी राहिली. पुण्यात 1884 मध्ये सुरू झालेली पेस्तनजी पोचा यांची पेढी हे त्यांतले मराठी मुलखाला परिचित असलेले नाव. शहराच्या दक्षिणेला लालबाग होती. हैदरअलीने 1760 मध्ये घातलेली ही बाग 1856 मध्ये सरकारी वनस्पती उद्यान झाली. 1858 मध्ये विल्यम न्यू हा माळी क्यूच्या उद्यानातून इथे आला, 1874 पासून जॉन कॅमेरॉन आणि 1908 पासून जर्मन उद्यानतज्ज्ञ कृंबीगल यांनी तिचा कारभार पाहिला. देशोदेशींच्या उद्यानांशी बियांची देवघेव करायची, आलेली झाडे रुजवायची आणि त्यांच्या छापील याद्या करायच्या, हे तिथले काम. बेंगळुरूच्या रस्त्यांवरची पुष्कळशी फुलझाडे या देवघेवीतून आली आहेत आणि त्याबद्दल लालबागेचे ऋण मोठे आहे. पण कनकांबराला यादीची किंवा पाकिटाची कधी गरज पडली नाही. ते बाहेरून आलेले नव्हते आणि त्याचे बी प्रत्येकाच्या परसात होते.

बाजारासाठी फूल पिकवणारे लोक या दोन्हींपेक्षा निराळे. बेंगळुरूच्या भोवती तळ्यांच्या काठाने बागायत करणारा तिगळ समाज हा या शहराचा परंपरागत माळी. दर चैत्रात पेठेत निघणारा करग उत्सव त्यांचाच. पेठ आणि छावणी यांच्या मधल्या संपंगी तळ्याच्या परिसरात त्यांचे मळे होते. तळे पुढे आटत गेले आणि आज त्या जागी कंठीरव क्रीडांगण उभे आहे. शहर जसे पसरले तसे मळे बाहेर सरकले. विहिरीचे पाणी, घरातली माणसे आणि घरचेच बी एवढ्या भांडवलावर अर्धा-पाऊण एकर कनकांबर करता येत असे. रोज नाही तरी एक दिवस सोडून हातात रोकड येई. लहान शेतकऱ्याला हे पीक धरून ठेवावेसे वाटे ते यामुळे. मोगरा हंगामी, शेवंती हंगामी, पण कनकांबर ऐन पावसाळ्यातले काही आठवडे सोडले तर सतत थोडे थोडे देत राहते.

शिवाजीनगरचा बाजार पक्क्या इमारतीत आला तो विसाव्या शतकात. नगरपालिकेचे आयुक्त टी. बी. रसेल यांच्या नावाचे रसेल मार्केट 1927 मध्ये बांधले गेले आणि 1933 मध्ये छावणीतले नामांकित व्यापारी हाजी सर इस्माईल सेठ यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. भाजी, फळे, मांस-मासळी आणि फुले एका छपराखाली आली. जुन्या पेठेजवळचे कृष्णराजेंद्र मार्केट घाऊक फुलांचे मोठे केंद्र झाले, तर रसेल मार्केट आणि त्याभोवतीचे रस्ते किरकोळ गिऱ्हाइकाचे राहिले. 1947 मध्ये छावणीचा नागरी भाग म्हैसूर संस्थानाकडे परत आला आणि 1949 मध्ये दोन्ही शहरांची मिळून एक महानगरपालिका झाली, पण बाजारांची ही वाटणी बदलली नाही.

सुटे फूल वजनावर आणि गुंफलेले फूल लांबीवर विकायचे, ही इथली पद्धत. माळ मोजायचे माप मोळ. विक्रेती माळेचे टोक बोटांत धरते, कोपरापर्यंत ताणते आणि तिथे चिमूट लावून तोडते. कोपर ते बोटाचे टोक म्हणजे एक मोळ, मराठीतला एक हात. दोन्ही हात पसरून मोजली की एक मारू. हात विक्रेतीचा असतो, त्यामुळे गिऱ्हाईक तिच्या हाताकडे लक्ष ठेवून असते. केशरी कनकांबर, मधे पांढरा मोगरा आणि हिरवा मरवा अशी मिसळीची माळ लग्नसराईत जाते. सप्टेंबरच्या 8 तारखेला बाजाराजवळच्या सेंट मेरी चर्चचा उत्सव असतो. त्याआधीचे नऊ दिवस सगळ्या धर्मांची माणसे तिथे लोटतात आणि फुलांना मागणी येते. देवळातली, चर्चमधली आणि लग्नघरातली माळ एकाच विक्रेतीच्या टोपलीतून जाणे ही शिवाजीनगरात नवलाची गोष्ट नाही.

या बाजाराच्या मागणीतूनच बियाविना अबोली पुढे आली. बियांपासून केलेल्या शेतात सगळी झाडे सारखी निघत नाहीत. कुठे फूल फिके, कुठे गडद, कुठे नळी आखूड, कुठे कणीस तोकडे. घरच्या गजऱ्याला त्याने काही बिघडत नाही, पण माळ मोळावर विकायची तर रंग एकसारखा आणि फूल मोठे हवे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘दिल्ली’ या नावाने ओळखला जाणारा वाण दक्षिणेत पसरला. त्याचे फूल मोठे, रंग गडद नारिंगी आणि सगळ्या झाडांवर अगदी सारखा. उत्पन्न हेक्टरी वर्षाला सुमारे 2,800 किलो, म्हणजे बियाच्या अबोलीच्या जवळजवळ दीडपट. हा वाण त्रिगुणित आहे. त्याच्या पेशींत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात, बीज तयार होताना त्यांच्या जोड्या जुळत नाहीत आणि बोंडात बी भरत नाही. खायच्या केळ्यात बी नसते तेही याच कारणाने. बी नाही म्हणून हे झाड फांदी तोडूनच वाढवावे लागते. पेराखाली कापलेले कोवळे शेंडे वाळूत लावून मुळ्या फुटू द्यायच्या आणि रोप शेतात न्यायचे. अंतरही थोडे वाढवून 60 बाय 40 सेंटिमीटर ठेवायचे.

शेतकऱ्याला यात फायदा होता आणि तो त्याने घेतला, त्यात गैर काही नाही. पण त्याबरोबर एक गोष्ट हातची गेली. टोपलीत पाणी शिंपडून मिळणारे बी फुकट होते आणि ते कुणीही गोळा करू शके. फांदीचे रोप करायला सावलीची जागा, रोजचे पाणी आणि सवड लागते. म्हणून लावणीचा माल रोपवाटिकेतून विकत आणण्याकडे कल वाढला आणि लावणीचा खर्च रोखीचा झाला. दुसरे म्हणजे फांदीपासून केलेले शेत हे एकाच झाडाच्या हजारो प्रती असतात. बियाच्या शेतात रोग आला तर काही झाडे मरतात आणि काही तगून राहतात. तगलेल्यांचे बी पुढच्या वर्षी वाफ्यात पडते. फांदीच्या शेतात अशी निवड होऊच शकत नाही.

हा धोका अबोलीच्या बाबतीत कागदावरचा नव्हता. मुळांवर जगणारे सूत्रकृमी हे या पिकाचे सगळ्यांत चिवट दुखणे. प्राटिलेंकस डेलाट्राय ही जात मुळांच्या आत शिरून त्यांना काळे व्रण पाडते. झाड खुरटते, पाने लहान राहून जांभळट पडतात आणि कणसे आखडतात. जखमी मुळांतून फ्यूजारियम ही बुरशी आत जाते आणि उभे झाड माना टाकते. वर पाहून दोष पाण्याचा की खताचा असे वाटत राहते, आणि कारण लक्षात येईपर्यंत रोग अर्ध्या शेतात पसरलेला असतो. एका जागी वर्षानुवर्षे कनकांबरच घेत राहिले की सूत्रकृमींची संख्या वाढत जाते. रोपाच्या मुळाशी आलेल्या मातीतूनही ते नव्या शेतात पोचतात. उपाय जुनेच आहेत: पीक बदलणे, निंबोळी पेंड घालणे, मधे झेंडू लावणे. झेंडूच्या मुळांतली द्रव्ये या कृमींना मारक असतात, आणि फुलाच्या शेतकऱ्याला झेंडूचे पैसेही मिळतात, म्हणून हा उपाय त्याला परवडतो.

बेंगळुरूच्या वायव्येला हेसरघट्टा आहे. 1896 मध्ये शहराला नळाचे पाणी आले ते तिथल्या तलावातून. 1967 मध्ये तिथेच भारतीय बागवानी संशोधन संस्था स्थापन झाली. मोगरा, शेवंती, ॲस्टर, निशिगंध यांच्याबरोबर कनकांबरावरही तिथे काम सुरू झाले. अर्का अंबरा, अर्का कनका, अर्का श्रीया, अर्का श्राव्या, अर्का चेन्ना हे वाण या संस्थेने दिले. नवा वाण काढायचा तर दोन झाडांचा संकर हवा, आणि संकर जमला की नाही हे शेवटी बोंडात बी भरले की नाही यावरूनच ठरते. दिल्ली वाण कितीही उत्पन्न देणारा असला तरी असल्या संकराला तो उपयोगी पडत नाही. संशोधकाला पुन्हा बी धरणाऱ्या अबोलीकडेच वळावे लागते: पिवळ्या, लाल, फिक्या नारिंगी रंगाच्या झाडांकडे, लहान फुलांच्या पण काटक झाडांकडे. बाजाराने ज्यांना कमी लेखले त्या झाडांत पुढच्या वाणांचे सामान आहे. म्हणून त्यांचे बी राखून ठेवणे हे जुन्याची हौस म्हणून करायचे काम नसून शेतीचे काम आहे.

आज शिवाजीनगरात मिळणाऱ्या गजऱ्यात मोठे, गडद नारिंगी फूल जास्त दिसते. मुंबईत माटुंग्याच्या दक्षिणी फुलवाल्यांकडे कनकांबर मागितले तरी बहुधा तेच मिळते. सिंधुदुर्गात आणि गोव्यात मात्र अंगणातली अबोली अजून बियाचीच आहे: फूल लहान, रंग केशरीकडून गुलाबीकडे झुकणारा, आणि दर पावसाळ्यात बुंध्याभोवती नवी रोपे. कर्नाटक आणि तमिळनाडूतले लहान शेतकरीही पहिल्यांदा हे पीक करताना पुष्कळदा बियांपासूनच करतात, कारण सुरुवातीला गुंतवायला पैसा नसतो आणि एका जुन्या शेतातले बी दुसऱ्याला सहज मिळते. पीक बसले, बाजार ठरला, की पुढच्या लावणीला ते फांदीच्या रोपांकडे जातात. जे दोन्ही ठेवतात ते बांधाच्या कडेला बियाच्या अबोलीची एक ओळ राखतात आणि तिची काही कणसे न खुडता वाळू देतात.